पोरांनीच पोरांसाठी घेतलेलं वर्कशॉप: रिलेशनशिपमधली मारहाण, धाक आणि पाळत (दहा सत्रांनंतरचा रिव्ह्यू)

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणार आहे. माझा मुलगा सोळाचा, मुलगी बाराची. मुलाच्या युथ क्लबमध्ये नोटीस लागली की रिलेशनशिपमध्ये होणारी मारहाण, धाकदपटशा, जबरदस्ती, फोनवरून ठेवलेली पाळत ह्या सगळ्यावर दहा सत्रांचं वर्कशॉप आहे आणि ते मोठी माणसं नाही तर सतरा ते वीस वयाचे ताई-दादा घेणार आहेत. मुलगा म्हणाला मी जातो, मी म्हटलं जा, पण खरं सांगायचं तर मनात धाकधूक होती, एवढ्या नाजूक विषयावर ही पोरं काय बोलणार आणि कुणाचं काही उघड झालं तर सांभाळणार कोण. क्लबला प्रत्येक सत्राला एक पालक हजर हवा होता, मी नाव दिलं आणि दहाच्या दहा सत्रांना गेले. पाचपैकी चार स्टार देतेय. एक का कापला ते पुढे येईलच, आणि तो कापताना मला वाईट वाटलं नाही, कारण चूक मोठी होती.

पहिलं सत्र खरं तर फसलं. आयोजकांनी दिलेल्या पुस्तिकेत एक प्रसंग होता, मुलगा रागाने मुलीच्या कानाखाली मारतो, मग प्रश्न, हे योग्य आहे का? बावीस पोरं एका सुरात "नाही", आणि विषय संपला. ज्याचं उत्तर सगळ्यांना आधीच माहितीय ते विचारून काय मिळणार. मागच्या रांगेतल्या दोघांनी तर फोन काढले. मला वाटलं झालं, आता दहा आठवडे हेच. पण जी ताई सत्र घेत होती (एकोणीस वर्षांची, आवाज बारीक पण नजर एकदम तेज) तिने पुस्तिका बंद करून बाजूला ठेवली आणि विचारलं, "तुमच्यात असं होतं का? नाही ना? मग काय होतं ते तुम्हीच लिहा." कागद वाटले, नाव लिहायचं नाही, वीस मिनिटं. वर्कशॉप खऱ्या अर्थाने तिथून सुरू झालं.

त्यातला एक प्रसंग पोरांनी पुढच्या वेळी करून दाखवला, तो मी त्यांना विचारून इथे लिहितेय. मुलगी मैत्रिणीकडे अभ्यासाला गेलीय. बॉयफ्रेंडचा मेसेज येतो, कुठेयस. ती सांगते. मग, फोटो पाठव. ती मैत्रिणीसोबतचा सेल्फी पाठवते. मग येतं, "हा जुना असेल, आत्ता काढ आणि दोन बोटं दाखव." ती दोन बोटं दाखवून फोटो काढते. मग, "आता तीन." बास, एवढंच. कुणी कुणाला हात लावला नाही, शिवी नाही, आरडाओरडा नाही. पण ती तीन बोटं वर केलेली पोरगी स्टेजवर उभी होती ना, हसरा चेहरा करायचा प्रयत्न करत, त्या क्षणी खोलीत टाचणी पडली असती तरी आवाज आला असता. मला आत काहीतरी लागलं, कारण असलं काही असतं हेच मला माहिती नव्हतं. मी माझ्या मुलीला जपायचं म्हणून जे जे शिकवलं असतं त्यात ही तीन बोटं कुठेच नव्हती.

आणि आता गंमत नाही, खरं दुखणं ऐका. प्रसंग संपल्यावर निम्म्या पोरांचं म्हणणं पडलं की यात चूक काय? काळजी वाटते म्हणून विचारतो ना, पझेसिव्ह आहे म्हणजे प्रेम आहे. मुलंच नाही, मुलीही हे म्हणत होत्या. माझ्यासारखी बाई असती तर तिथल्या तिथे भाषण ठोकलं असतं आणि सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं असतं. त्या ताईने वाद घातलाच नाही. एकच प्रश्न टाकला, "नाही पाठवला फोटो, तर काय होईल?" पोरं बोलायला लागली. चिडेल. दोन दिवस बोलणार नाही. ब्लॉक करेल. आमचे चॅट सगळ्यांना दाखवेल. मग ती म्हणाली, काळजी असती तर "नाही" म्हटल्यावर फार तर थोडा रुसवा असता, इथे "नाही" म्हटल्यावर शिक्षा आहे. हा फरक कुठल्याही मोठ्या माणसाने इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेला मी ऐकलेला नाही, आणि घरी येताना मुलगा रस्ताभर गप्प होता, मीही काही विचारलं नाही.

तिसऱ्या सत्रात त्यांनी ते चक्र दाखवलं, सत्ता आणि नियंत्रणाचं चक्र. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथ शहरात १९८४ साली छळ सोसलेल्या बायकांशी बोलून, त्यांच्या अनुभवांवरून ते तयार झालं, मध्यभागी सत्ता आणि नियंत्रण, आऱ्यांमध्ये धमकावणं, एकटं पाडणं, भावनिक छळ, दोष दुसऱ्यावर ढकलणं वगैरे, आणि बाहेरच्या कड्यावर मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती. पुढे त्याची किशोरवयीन मुलांसाठीची आवृत्तीही निघाली, त्यात मित्रमंडळींचा दबाव, ग्रुपमधलं वजन वापरणं असली घरं आहेत. मला इथे आवडलं ते हे की छापील चक्र चिकटवून ते मोकळे झाले नाहीत, कोरं चक्र दिलं आणि घरं पोरांनी भरली. पासवर्ड मागणं, लोकेशन सतत चालू ठेवायला लावणं, "लास्ट सीन"वरून उलटतपासणी, मित्रांच्या लिस्टमधून नावं काढायला लावणं, खासगी फोटो पसरवायची धमकी. पाऊण तासात भिंत भरली. मूळ चक्रही सोसलेल्या बायकांच्याच तोंडून आलेलं, आणि म्हणूनच ते इतकी वर्षं टिकलं असं मला वाटतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाकीच्यांनी निदान लिहून घ्यावं.

एक गोष्ट मला मुद्दाम लिहायची आहे, कारण पालकांच्या ग्रुपवर तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. पाचव्या सत्रात एका मुलाने चिठ्ठीत लिहिलं होतं, मी ब्रेकअप करायचं म्हटलं की ती म्हणते मी जिवाचं बरंवाईट करून घेईन, म्हणून मी आठ महिने थांबलोय. आधी एकदोघं हसली. मग दादाने चिठ्ठी परत हळू वाचली आणि कुणी हसलं नाही. मुलगेही यात अडकतात, आणि ते सांगायला त्यांना आणखी जड जातं कारण ऐकणारा आधी हसतो. दादाने जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. अशी धमकी खोटी असेल असं धरून चालायचं नाही, तिच्या घरच्या किंवा भरवशाच्या मोठ्या माणसाला लगेच सांगायचं, पण तिचा जीव वाचवायला तुम्ही नात्यात थांबलं पाहिजे हे खरं नाही, ती जबाबदारी एकट्या सोळा वर्षांच्या पोराची नसते. तसंच पुस्तिकेत सगळे प्रसंग मुलगा-मुलगी असेच होते, तेही पोरांनीच दाखवून दिलं, की दोन मुलांमध्ये किंवा दोन मुलींमध्ये पण असं घडतं आणि तिथे "मी तुझ्या घरी सांगेन" ही एक धमकीच पुरते. आयोजकांनी दोन प्रसंग नवे घातले, उशिरा का होईना घातले.

सातव्या सत्राला जे झालं तेवढ्या एकाच गोष्टीसाठी मी ह्या वर्कशॉपला पाच स्टार दिले असते. क्लबच्या इमारतीचा नकाशा, मोठा, जमिनीवर पसरलेला, आणि पोरांच्या हातात लाल-हिरवे पेन. जिथे सुरक्षित वाटतं तिथे हिरवा, जिथे भीती वाटते किंवा त्रास होतो तिथे लाल. ही कल्पना त्यांची स्वतःची नाही. न्यूयॉर्क शहरातल्या ३० शाळांमध्ये सहावी-सातवीच्या मुलांसोबत "शिफ्टिंग बाउंडरीज" नावाचा कार्यक्रम तपासून पाहिला होता, त्यात मुलांनी असेच नकाशे रंगवले, मग लाल जागांवर मोठ्यांची देखरेख वाढवली. अभ्यासात दिसलं काय, की नुसते वर्गातले धडे दिले तिथे फारसा फरक पडला नाही, इमारतीत बदल केले तिथे त्रास कमी झाला. मला हे वाचून सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं होतं, कारण आपला सगळा भर कायम लेक्चरवर.

आमच्या इथे नकाशा रंगवायच्या आधी क्लबच्या सरांना आणि आम्हा दोघातिघा पालकांना विचारलं की तुमच्या मते लाल जागा कुठली. आम्ही सगळ्यांनी मागचं गेट सांगितलं, अंधार असतो म्हणून. पोरांच्या नकाशात मागचं गेट जवळजवळ कोरं. लाल रंग सगळा जिन्याच्या पहिल्या वळणावर आणि पाण्याच्या टाकीपाशी, कारण क्लास सुटला की तिथे वाट अडवून उभं राहता येतं, हात धरून "बोल ना माझ्याशी" करता येतं, वरूनही दिसत नाही आणि खालूनही. मी त्या जिन्याने शंभर वेळा गेले असेन. सरांनी दुसऱ्या दिवसापासून क्लास सुटायच्या वेळी खुर्ची टाकून त्या वळणावर बसायला सुरुवात केली. दिवा नाही बदलला, कॅमेरा नाही लावला, एक माणूस बसला. तीन आठवड्यांनी पोरांनी नकाशा परत रंगवला, वळण लाल नव्हतं, टाकी अजून आहे.

आता तो कापलेला स्टार. सहाव्या सत्रानंतर एका मुलीने एका ताईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. काय ते मला माहिती नाही आणि असतं तरी लिहिलं नसतं, तिचं ते तिचं. पण ती ताई स्वतः अठरा वर्षांची. तिने मुलीला शब्द दिला होता की कुणाला सांगणार नाही, आणि मग चार दिवस ती एकटीच ते ओझं घेऊन फिरली, झोप नाही, अभ्यास नाही, शेवटी तिच्या आईने मला फोन केला म्हणून कळलं. चूक त्या पोरीची अजिबात नव्हती. तिला दोन वीकेंडच्या ट्रेनिंगमध्ये खेळ कसे घ्यायचे, गट कसे पाडायचे हे सगळं शिकवलं होतं, पण कुणी खरंच काही सांगितलं तर त्याच रात्री कुणाला फोन करायचा हे शिकवलं नव्हतं. पोरांना पुढे करायचं आणि मागे आपण उभं राहायचं नाही, ह्याला सहभाग म्हणत नाहीत, पोरांच्या खांद्यावर बंदूक ठेवणं म्हणतात. आणि हे होणारच होतं, कारण त्रासात असलेली मुलं आधी मित्रमैत्रिणींनाच सांगतात, आईबाप, शिक्षक नंतर, पुष्कळदा कधीच नाही. ज्या कारणासाठी पोरांना सामील करायचं तेच कारण पोरांना आधार देण्याचंही आहे ना.

मी आयोजकांना स्पष्ट बोलले, थोडं चढ्या आवाजातच. त्यांचं एक मात्र मानलं पाहिजे की त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. आठव्या सत्रापासून एक समुपदेशक मॅडम प्रत्येक वेळी शेजारच्या खोलीत बसायला लागल्या, ताई-दादांची दर सत्रानंतर अर्धा तास बैठक सुरू झाली, आणि पहिल्याच मिनिटाला सगळ्यांसमोर नियम सांगायचा असं ठरलं, "तू सांगितलेलं मी गावभर करणार नाही, पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी एका मोठ्या माणसाला सांगणार, आणि आधी तुला सांगून मगच सांगणार." ती मुलगी आता ठीक आहे एवढंच मला कळलं आणि तेवढं मला पुरे.

मित्राने काय बोलायचं ह्यावरचं सत्र (आठवंच ते) तर प्रत्येक घरात व्हायला हवं. आपली पहिली प्रतिक्रिया काय असते, "सोड त्याला, आजच्या आज सोड." पोरांनी तेच सांगितलं आणि मॅडमनी थांबवलं. सोडायची वेळ हीच पुष्कळदा सगळ्यात धोक्याची असते, कारण ताबा सुटतोय हे समोरच्याला तेव्हा कळतं. म्हणून आधी ऐकायचं, "मला पटतंय तू सांगतेयस ते, चूक तुझी नाही" एवढं म्हणायचं, मग तिला काय हवंय ते विचारायचं, आणि ब्रेकअप करायचंच असेल तर एकटीने भेटायला जायचं नाही, समोरासमोर भीती वाटत असेल तर फोनवर सांगितलं तरी चालतं, मेसेजचे स्क्रीनशॉट दुसरीकडे जपून ठेवायचे, लोकेशन शेअरिंग कधी बंद करायचं हेही नीट ठरवून, कारण ते अचानक बंद झालं की तोही इशाराच असतो. पोरांनी जोड्या करून हे बोलून पाहिलं. माझ्या मुलाच्या तीन वेळा "तू सोडून का देत नाहीस" असं तोंडातून निघालं, चौथ्या वेळी तो थांबला आणि म्हणाला, "मी इथे बसू का तुझ्याबरोबर?" मी तेव्हा दाराबाहेर होते, म्हणजे गटचर्चा सुरू झाली की "काकू, तुम्ही पॅसेजमध्ये" हा पोरांचाच नियम होता आणि मला तो पटला होता, पण दार उघडं होतं आणि मला ऐकू आलं.

पोस्टर स्पर्धा आणि सर्टिफिकेटवर मी फार लिहिणार नाही. स्पर्धा झाली, पोस्टरं सुंदर झाली. पण काही संस्था फक्त पोस्टर काढून घेतात आणि "युवकांचा सहभाग" म्हणून फोटो लावतात, तसलं असेल तर पैसे आणि वेळ वाया घालवू नका. नॉर्थ कॅरोलायनातल्या १४ शाळांमध्ये १९९४ पासून तपासलेला "सेफ डेट्स" हा कार्यक्रम आहे, त्यातही पोस्टर स्पर्धा आहे, पण सोबत विद्यार्थ्यांनी केलेलं नाटक आणि दहा सत्रं आहेत, आणि चार वर्षांनंतरही त्या मुलांमध्ये त्रास देणं आणि सोसणं दोन्ही कमी दिसलं. एका तासाच्या व्याख्यानाने हे होत नाही.

हेल्पलाइनबद्दल पण तक्रार आहे. आमच्या पुस्तिकेत नंबर अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात, आणि फक्त फोन. आजकालची पोरं फोन करत नाहीत हो, घरात बाजूला आई बसलेली असताना कुठून बोलणार. अमेरिकेत २००७ साली किशोरवयीन मुलांसाठी "लव्ह इज रिस्पेक्ट" ही हेल्पलाइन सुरू झाली, तिथे चॅट आणि मेसेजवरही बोलता येतं, असं काहीतरी हवं. पोरांनी यावर पत्र लिहिलंय आयोजकांना, मसुदा माझ्या मुलाने आणि अजून दोघींनी केला, मी फक्त शुद्धलेखन बघितलं.

मुलगे येतच नाहीत अशी ओरड सगळीकडे असते. आमच्याकडे बावीसपैकी नऊ आले आणि त्यातले सहा फुटबॉलच्या टीममधले, कारण त्यांच्या कोचने स्वतः सांगितलं होतं की मीही ऐकायला बसणार आहे. कोचचं वजन खरंच असतं. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो भागातल्या १६ हायस्कूलांमध्ये "कोचिंग बॉइज इंटू मेन" ह्या कार्यक्रमात कोच आठवड्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं टीमशी यावर बोलायचे, आणि २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की ती मुलं मित्राचं वागणं चुकतंय असं दिसलं की मध्ये पडायला लागली होती. आमच्या टीममधला एकजण नवव्या सत्रात म्हणाला, आधी ग्रुपवर कुणी एक्स-गर्लफ्रेंडच्या चॅटचे स्क्रीनशॉट टाकले की मी हसण्याचा इमोजी टाकायचो, आता टाकत नाही, पण अजून "डिलीट कर" म्हणायची हिंमत झालेली नाही. इतकं खरं बोलल्याबद्दल मला त्या पोराला मिठी मारावीशी वाटली.

नाव घालायच्या आधी तीन गोष्टी विचाराच. प्रसंग कोण लिहितं, पोरं की संस्था. कुणी काही सांगितलं तर त्याच दिवशी कोण धावून येणार, त्या माणसाचं नाव सांगा. आणि ताई-दादांना त्यांच्या वेळेचं मानधन मिळतं का, कारण फुकट राबवून घेतलं की चांगली पोरं दोन महिन्यांत दमून जातात. आमच्याकडे तिसऱ्याचं उत्तर आधी "नाही" होतं, आता थोडंसं सुरू केलंय.

वय किती हवं, हे मला बऱ्याच जणींनी विचारलं. सोळा म्हणजे खरं तर उशीर. अमेरिकेच्या सीडीसीचा (तिथली सरकारी सार्वजनिक आरोग्य संस्था) "डेटिंग मॅटर्स" कार्यक्रम ११ ते १४ वयासाठी आहे, नातं सुरू व्हायच्या आधी. म्हणून क्लब आता धाकट्यांची बॅच काढतोय, माझी मुलगी जाणार आहे, आणि माझा मुलगा त्या बॅचचा दादा म्हणून ट्रेनिंग घेतोय. परवा रात्री तो टेबलावर कार्डं पसरून बसला होता, तीन बोटांचा तोच प्रसंग धाकट्यांसाठी लिहीत. मुलीने मागून येऊन दोन कार्डं वाचली आणि म्हणाली, "दादा, आम्ही असं बोलतच नाही. आणि आमच्यात फोटो मागत नाहीत, गेममध्ये कुणासोबत खेळतेयस ते बघत बसतात." तो काही बोलला नाही, कार्ड फाडलं, पेन तिच्या हातात दिलं आणि खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली.